लाखाचे बारा हजार होऊ नयेत म्हणून

घरात नीट गाणं ऐकता यावं म्हणून एक लाख रुपये बाजूला काढले आहेत, असं समजा. होम थिएटर नको, पाच-सात स्पीकरांचा पसारा नको. डावा-उजवा असे दोन स्पीकर, एक अँप्लिफायर आणि गाणं जिथून येणार ते यंत्र, एवढाच स्टिरिओ. या लाखाची वाटणी कशी करायची? दुकानात विचारलंत तर उत्तर बहुधा कोणता माल पडून आहे त्यावर ठरतं. जाणकाराला विचारलंत तर तो कोणत्या दशकात जाणकार झाला त्यावर. एक सांगतो, निम्मे पैसे डोळे झाकून स्पीकरला द्या. दुसरा म्हणतो, तिघांना सारखे वाटे. तिसरा, आणि हा सहसा वयाने मोठा असतो, शपथेवर सांगतो की पैसे ओता ते प्लेअरमध्ये. तिथे जे हरवलं ते पुढे कोणाच्या बापाला परत आणता येत नाही.

या तिसऱ्याचं म्हणणं आधी ऐकून घेऊ, कारण त्यात एके काळी पुरेपूर तथ्य होतं. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरातून आयव्हर टीफेनब्रुन या माणसाने ‘लिन सॉन्डेक एलपी१२’ नावाचा टर्नटेबल बाजारात आणला. तोवर टर्नटेबलचं काम रेकॉर्ड ठरल्या वेगाने फिरवण्याचं, आवाजाचं श्रेय-अपश्रेय स्पीकरचं, असाच समज होता. टीफेनब्रुनने तो उलटा केला. महागड्या टर्नटेबलला साधे स्पीकर जोडून ते साध्या टर्नटेबलवर वाजणाऱ्या महागड्या स्पीकरपेक्षा सरस वाटतात, हे दुकानादुकानांतून ऐकवलं जाऊ लागलं. ऐकवायच्या खोलीत दुसरा एकही स्पीकर असता कामा नये, असाही लिनचा दंडक होता. बंद स्पीकरचा पडदासुद्धा आवाजाने थरथरतो, हे त्यामागचं कारण. यात थोडं विज्ञान होतं, थोडी दुकानदारी. मूळ मुद्दा मात्र भक्कम होता. रेकॉर्डच्या खाचेतून सुई जी थरथर उचलते तिची वीज साध्या, म्हणजे मूव्हिंग मॅग्नेट जातीच्या पिकअपमधून जेमतेम चार-पाच मिलिव्होल्ट निघते. मूव्हिंग कॉइल जातीच्या पिकअपमधून तर बहुधा अर्ध्या मिलिव्होल्टच्याही आत. मोटरची घरघर, बेअरिंगची खरखर, शेजारून कोणी चालत गेलं तर फरशीतून आलेला धक्का, हे सगळं त्याच मिलिव्होल्टांत मिसळतं आणि पुढे गाण्याबरोबर शेकडो-हजारो पटींनी मोठं होतं. त्या काळी निम्मं बजेट टर्नटेबलला देणारा माणूस वेडा नव्हता.

ऑक्टोबर १९८२ मध्ये सोनीने जपानमध्ये ‘सीडीपी-१०१’ हा सीडी प्लेअर विक्रीला काढला आणि हा हिशेब मुळातून बदलला. सेकंदाला ४४,१०० वेळा मोजलेली, १६ बिटांत लिहिलेली लाट. सर्वांत हलक्या आणि सर्वांत मोठ्या आवाजात कागदावर सुमारे ९६ डेसिबलचं अंतर. वेग क्वार्ट्झच्या स्फटिकावर बांधलेला, त्यामुळे सूर डळमळण्याचा प्रश्नच मिटला. पहिले प्लेअर महाग होते. पण इलेक्ट्रॉनिक चिपचा स्वभाव पाहता पुढे काय होणार ते उघड होतं. आज मोबाईलच्या टोकाला लावायचा बोटाएवढा डॅक, म्हणजे आकड्यांची पुन्हा वीज करून देणारी चीज, हजार-दोन हजारांत मिळतो. मोजमापाला बसवलं तर त्याच्या चुका माणसाच्या कानाला सापडतील अशा उरलेल्या नाहीत. ज्या कोड्यापायी लिनने तबकडीखाली इतकं लोखंड-ॲल्युमिनियम घातलं, ते कोडं रेकॉर्ड ऐकणाऱ्यापुरतं शिल्लक आहे. बाकीच्यांसाठी ते सुटलं.

मग आता चूक शिल्लक कुठे आहे? पैसा तिथे जावा. टक्केवारीचे सगळे नियम मी या एका प्रश्नापुढे बाजूला ठेवतो.

बऱ्यापैकी अँप्लिफायर घ्या. २० ते २०,००० हर्ट्झ या कानाच्या सगळ्या पल्ल्यात त्याचा आवाज अर्ध्या डेसिबलपेक्षा वरखाली होत नाही. त्याने आपल्या पदरची घातलेली भेसळ एका टक्क्याच्या शंभराव्या हिश्शाच्या आसपास. स्पीकरकडे वळा. बनवणारी कंपनीच आपल्या कागदावर ‘अधिक-उणे ३ डेसिबल’ असं अभिमानाने छापते, आणि खर्जात जोर लावला की भेसळ सरळ टक्क्यांत जाते. कागदाचा किंवा प्लास्टिकचा पडदा पुढेमागे हलवून हवा ढकलायची, हे काम मुळातच ओबडधोबड आहे. आता खोली. साधारण ३०० हर्ट्झच्या खाली खोली एखादा सूर दहा-बारा डेसिबलने फुगवते आणि शेजारचा तितकाच गिळते. दहा डेसिबल म्हणजे कानाला जवळपास दुप्पट मोठा आवाज. अँप्लिफायरच्या चुकीपुढे ही चूक म्हणजे डोंगर आहे, आणि गंमत अशी की पैशाची वाटणी मांडताना खोलीचा रकाना कोणी काढतच नाही.

म्हणून खोलीपासून सुरुवात. आपल्याकडची सर्रास आढळणारी १० बाय १२ ची खोली घ्या, उंची १० फूट. समोरासमोरच्या भिंतींमध्ये आवाजाची लाट अडकते. दोन भिंतींमधलं अंतर लाटेच्या निम्म्या लांबीएवढं झालं की तो सूर खोली स्वतःच घुमवू लागते. हिशेब सोपा आहे: आवाजाचा वेग, सेकंदाला सुमारे ३४४ मीटर, भागिले अंतराची दुप्पट. बारा फुटांना ४७ हर्ट्झ येतात, दहा फुटांना ५६. उंचीही दहाच फूट असेल तर तिचेही ५६, म्हणजे एकाच जागी दोन फुगवटे एकमेकांवर बसले. खोली १० बाय १० असेल तर तीन. या सुरांच्या पटीही घुमतात. बारा फुटांची तिसरी पट १४१ हर्ट्झ. आता काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुष गायकाचा षड्ज किती? सुमारे १३९. तुमच्या खोलीने गायकाचा ‘सा’ हेरून ठेवलाय. पंचमापेक्षा षड्ज उगाचच जाडजूड वाटतो, गायक षड्जावर आला की खोली भरून येते, आणि ऐकणारा म्हणतो, स्पीकरला बेस जास्त आहे, बदलायला हवेत.

बदलायची असते ती बहुतेक वेळा बसण्याची जागा. आपल्याकडे दिवाण किंवा सोफा हमखास भिंतीला टेकलेला असतो, आणि भिंतीपाशी खर्ज सर्वांत जास्त साचतो. बैठक दीड-दोन फूट पुढे ओढा, डग्ग्याची घुमक आटोक्यात येते. पण अगदी खोलीच्या मधोमधही बसू नका; तिथे ४७ हर्ट्झचा सूर जवळजवळ नाहीसा होतो. तोच न्याय स्पीकरला: मागची भिंत जवळ आली की खर्ज वाढतो, कोपरा जवळ आला की आणखी वाढतो. शोकेसच्या कप्प्यात कोंबलेला एक स्पीकर आणि कपाटावर चढवलेला दुसरा, ही मराठी घरांतली आवडती मांडणी. त्या जागी वीस हजारांचा स्पीकर ठेवा नाहीतर दोन लाखांचा, घुमणार ते कपाटच. दोन स्पीकर आणि तुम्ही यांचा समभुज त्रिकोण व्हावा, आणि ट्वीटर, म्हणजे वरच्या सुरांचा छोटा पडदा, कानाच्या उंचीवर यावा. भारतीय बैठकीवर, गादीवर बसून ऐकणार असाल तर परदेशी कंपन्यांचे दोन-सव्वादोन फुटी स्टँड फार उंच पडतात. तुम्ही बसल्यावर जमिनीपासून कानापर्यंतचं अंतर टेपने मोजा, त्यातून स्पीकरच्या तळापासून ट्वीटरपर्यंतची उंची वजा करा आणि तेवढ्या उंचीचे दोन लोखंडी स्टँड गल्लीतल्या फॅब्रिकेटरकडून वेल्डिंग करून घ्या. मधल्या चौकोनी पाइपात कोरडी वाळू भरली की ठोकल्यावर टणत्कार येत नाही.

वरच्या सुरांचं दुखणं वेगळं. टाइल्सची फरशी, गुळगुळीत प्लास्टर, काचेची स्लायडिंग खिडकी आणि कमीत कमी सामान, हे आजच्या फ्लॅटचं रूप आवाजाला फार वाईट. मोकळ्या खोलीत एक टाळी वाजवून पाहा. टाळीमागे ‘टर्र’ असा बारीक आवाज उमटला तर तो दोन भिंतींमधला चेंडूफळीचा खेळ आहे. इलाज महागडा नाही. फरशीवर जाड सतरंजी किंवा गालिचा, खिडकीला चुण्या घालून शिवलेला जाड पडदा, आणि समोरच्या किंवा बाजूच्या भिंतीला पुस्तकांचं उघडं कपाट. पुस्तकं वेगवेगळ्या खोलीची, उंचीची असतात. लाट त्यांच्यावर आदळून विस्कटते. मात्र सतरंजीने खर्ज शोषला जाईल, ही आशा नको. सात मीटर लांबीच्या लाटेला बोटभर जाडीचं कापड जाणवतही नाही. तिला हवी कापसाची भलीमोठी जाडी, किंवा मुकाट्याने जागा बदलणं.

खोली समजली की स्पीकर निवडणं सोपं होतं, कारण निम्मे पर्याय आपोआप गळतात. इथे अर्थशास्त्राचा एक साधा नियम आहे. ठरावीक किमतीत कंपनी एक तर मोठं खोकं देऊ शकते नाहीतर चांगलं. ४० हजारांच्या उंच, जमिनीवर उभ्या स्पीकरमध्ये पैशाचा मोठा हिस्सा लाकूड, रंग, वाहतूक आणि जादा वूफर यांत जातो. त्याच किमतीच्या लहान बुकशेल्फ स्पीकरमध्ये तोच पैसा ट्वीटर, क्रॉसओव्हर आणि खोक्याच्या मजबुतीत जातो. दहा बाय बाराच्या खोलीत मी दुसऱ्याच्याच बाजूने आहे. तो खाली ५५-६० हर्ट्झपर्यंत व्यवस्थित जातो. एवढ्याने भागतं का, हे तुम्ही काय ऐकता त्यावर आहे. काळी एकला लावलेल्या तंबोऱ्याची खर्जाची तार ६९ हर्ट्झवर असते. आणि तिचंही ऐश्वर्य मूळ सुरात कमी, जवारीमुळे उमटणाऱ्या वरच्या स्वरांत जास्त. ख्याल, नाट्यसंगीत, भावगीत, जुनी चित्रपटगीतं यांना लागणारा खर्ज साडेपाच-साडेसहा इंची वूफरमध्ये मावतो. पाइप ऑर्गन, आजचं इलेक्ट्रॉनिक संगीत किंवा ढोलताशा ऐकणाऱ्याचा प्रश्न वेगळा. त्याने पुढेमागे सबवूफर जोडायची जागा ठेवावी, पण पहिल्याच दिवशी घेऊ नये. दहा फुटी खोलीत सबवूफर म्हणजे त्या ५६ हर्ट्झच्या फुगवट्याला खतपाणी.

‘ज्याची त्याची आवड’ हे वाक्य स्पीकरच्या बाबतीत वाटतं तितकं खरं नाही. कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये फ्लॉइड टूल यांनी वर्षानुवर्षं पडद्याआड स्पीकर ठेवून लोकांना ऐकवले. १९८० च्या दशकात त्यांनी मांडलेले निष्कर्ष असे, की समोर काय आहे ते दिसत नसेल तर बहुतेकांची पसंती चकित करण्याइतकी जुळते: ज्या स्पीकरचा आवाज सगळ्या सुरांना सारखं माप देतो आणि बाजूला जाणारा आवाजही तसाच सम असतो, तो लोकांना आवडतो. पुढे टूल हार्मन कंपनीत गेले, आणि शॉन ऑलिव्ह यांच्यासोबत १९९४ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेला प्रयोग मला खरेदीला निघालेल्या प्रत्येकाला सांगावासा वाटतो. तेच स्पीकर, तेच ऐकणारे. एकदा पडद्याआड, एकदा डोळ्यांसमोर. ऐकणारे कंपनीचेच कर्मचारी. डोळ्यांसमोर ठेवल्यावर मोठ्या, देखण्या स्पीकरचे गुण वाढले आणि एका स्वस्त, प्लास्टिकच्या छोट्या संचाचे गुण घसरले, जो पडद्याआड चांगला टिकला होता. रोज हेच काम करणाऱ्यांची ही गत, तर शोरूमच्या गार हवेत, मऊ सोफ्यावर बसलेल्या गिऱ्हाइकाची काय कथा.

म्हणून ऐकायला जाताना डोळ्यांचा आणि आवाजाच्या पातळीचा बंदोबस्त आधी करा. दोन स्पीकरांत एक डेसिबलभर जास्त मोठा वाजला की तोच ‘मोकळा’, ‘जिवंत’ वाटतो, हे विक्रेत्याला तुमच्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं. मोबाईलवरच्या आवाज मोजायच्या फुकट ॲपने दोघांची पातळी सारखी करून घ्या. गाणी आपली न्या, आणि पाठ असलेली न्या. एक पुरुष आवाज तंबोऱ्यासकट, म्हणजे छातीतला आवाज खोक्यातून येतोय का ते कळेल. एक बाईचा आवाज, ज्यात ‘स’, ‘श’, ‘च’ भरपूर आहेत. वाईट ट्वीटर या अक्षरांवर शिट्टी मारतो. आणि एक तबल्याचा एकल तुकडा. चाटीचा आवाज कडक, लखलखीत आणि डग्ग्याची मींड गुळगुळीत, अशी दोन टोकं एकाच वाद्यात देणारी याहून सोपी परीक्षा नाही. डग्ग्यावर मनगट सरकवत नेलेला ‘घें’ चढताना मध्येच एखाद्या जागी फुगतो का, याकडे कान द्या. फुगला तर स्पीकर दुसऱ्या जागी ठेवून पुन्हा ऐका. फुगवटा जागेबरोबर बदलला तर दोष खोलीचा, तसाच राहिला तर स्पीकरचा.

अँप्लिफायरला किती पैसे द्यायचे हे पैशांत नव्हे, वॅटमध्ये ठरवावं; आणि वॅट स्पीकर ठरवतो. स्पीकरच्या कागदावर ‘सेन्सिटिव्हिटी’ म्हणून एक आकडा असतो. समजा तो ८६ डेसिबल आहे. म्हणजे एका वॅटवर, एक मीटर अंतरावर ८६ डेसिबल आवाज. तुम्ही बसता अडीच मीटरवर, तिथे पोचेपर्यंत ८ कमी झाले. दोन स्पीकर आणि भिंतींवरून परतलेला आवाज यांनी ४ परत दिले. उरले ८२. घरात मोठ्याने ऐकायचं म्हटलं तरी सरासरी ७५ च्या आसपास असते, आणि तबल्याच्या थापेची टोकं त्याच्या वर १५ ते २० डेसिबल जातात. म्हणजे ९५ पर्यंत मजल हवी, १३ डेसिबलची चढण. दर तीन डेसिबलला वॅट दुप्पट, दर दहाला दसपट, या हिशेबाने लागले २० वॅट. गैरसोय नको म्हणून दुप्पट करा, ४०. बस्स. १९७८ मध्ये आलेला ‘एनएडी ३०२०’ हा अँप्लिफायर कागदावर वाहिनीला २० वॅटचाच होता आणि आजही लोक तो शोधत फिरतात. ५० ऐवजी १०० वॅटचा घेतला तर मिळतात फक्त ३ डेसिबल. तेवढेच ३ डेसिबल ८६ च्या जागी ८९ सेन्सिटिव्हिटीचा स्पीकर निवडून फुकटात मिळतात. वाटणीचे दोन रकाने असे एकमेकांत गुंतलेले आहेत, म्हणून स्पीकर ठरल्याखेरीज अँप्लिफायरच्या दुकानात पाऊल टाकू नये. स्पीकर चार ओहमचा असेल तर त्याला जास्त करंट लागतो. अँप्लिफायरच्या मागच्या बाजूला चार ओहम चालेल असं लिहिलंय ना, एवढं वाचा.

वॅट म्हणजे मात्र आरएमएस वॅट, सतत देता येणारे. १९९० च्या दशकात आपल्याकडच्या टू-इन-वनवर ‘१००० वॅट पीएमपीओ’ असा सोनेरी स्टिकर असे आणि मागच्या पट्टीवर विजेचा वापर तीस-चाळीस वॅट छापलेला असे. आत तीस जाणार आणि बाहेर हजार येणार, हा चमत्कार घरोघरी पूजला गेला. अमेरिकेत असल्या आकड्यांचा इतका सुकाळ झाला होता की १९७४ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनला अँप्लिफायरचे वॅट कसे मोजायचे याचा नियमच करावा लागला.

तेवढे खरे वॅट मिळाले की अँप्लिफायर अँप्लिफायरमध्ये फरक किती? जानेवारी १९८७ मध्ये ‘स्टिरिओ रिव्ह्यू’ या अमेरिकन मासिकाने साध्या रिसीव्हरपासून अतिमहाग अँप्लिफायरपर्यंत अनेक यंत्रं न दाखवता ऐकवली, पातळी काटेकोर जुळवून. ऐकणाऱ्यांना ती खात्रीने वेगळी ओळखता आली नाहीत. यावर अजूनही भांडणं होतात आणि होत राहतील. माझं मत असं, की पन्नास वॅटच्या, नावाजलेल्या कंपनीच्या, नीट अर्थिंग असलेल्या अँप्लिफायरवर थांबावं. वरचे पैसे देऊन मिळतात जास्त बटणं, जाड ॲल्युमिनियमचा दर्शनी पत्रा आणि मालकाला समाधान. समाधानाला किंमत नाही असं नाही, पण ती आवाजाच्या खात्यात लिहू नये.

वायरीचा विषय दोन मिनिटांत संपवण्याजोगा आहे. स्पीकरच्या वायरीचा रोध स्पीकरच्या ओहमच्या पाच टक्क्यांच्या आत असला की पुरे. इलेक्ट्रिकच्या दुकानात ‘अडीचची वायर’ म्हणून मिळते ती, पॉवर पॉइंटला वापरतात ती तांब्याची मल्टिस्ट्रँड वायर, मीटरला ०.००७ ओहम. तीन मीटर जायचे, तीन यायचे; आठ ओहमच्या स्पीकरला अर्धा टक्का झाला. चांदीचा मुलामा, साप-कातडीसारखं वेष्टण, बाणाची दिशा छापलेली वायर, हे सगळं ज्याला हौस आहे त्याने करावं. त्याऐवजी इलेक्ट्रिशियनला बोलावून त्या प्लगचं अर्थिंग तपासून घ्या. स्पीकरमधून सतत ‘घूं’ येत असेल आणि सेट-टॉप बॉक्सची केबल काढल्यावर थांबत असेल, तर दोन वेगळ्या अर्थिंगांची ती भानगड आहे. दहा हजारांची वायर ती सोडवत नाही.

तर लाखाची वाटणी. ४५ ते ५० हजार स्पीकर. २५ हजारांच्या आतबाहेर अँप्लिफायर. स्टँड, सतरंजी, पडदे मिळून १२ ते १५ हजार, आणि घरात पुस्तकं व जाड गाद्या असतील तर यातले निम्मे वाचले. डॅक तीन-चार हजार. बऱ्याच नव्या अँप्लिफायरांत तो आतच असतो, मग तेही नाहीत. वायर आणि इलेक्ट्रिशियन मिळून हजार-दीड हजार. उरतील ते लगेच खर्चू नका. महिनाभर ऐकल्यावरच कळतं की खोलीला काय हवं होतं.

रेकॉर्ड ऐकणाऱ्याने मात्र वरची वाटणी फाडून टाकावी. त्याच्या बाबतीत ग्लासगोवाल्याचं अजून खरं आहे. ३० ते ३५ हजार टर्नटेबल आणि पिकअपला, स्पीकर ३५ हजारांत, आणि अँप्लिफायर असा की ज्यात ‘फोनो’चं तोंड आधीच आहे. शिवाय सुई हा कायमचा खर्च आहे. साधी सुई साधारण ५०० ते १,००० तास चालते, मग बदलावी लागते, नाहीतर ती रेकॉर्ड किसू लागते. चांगल्या पिकअपचा खाचेवरचा भार दोन ग्रॅमच्या आसपास असतो. भेटवस्तूच्या दुकानांत मिळणारे सुटकेसच्या आकाराचे रंगीत प्लेअर बऱ्याचदा पाच-सहा ग्रॅम लादतात. आजोबांच्या नाट्यगीतांच्या रेकॉर्ड त्यावर लावू नयेत.

तीस-पस्तीस हजारच असतील तर तीन भाग करत बसू नये. रेकॉर्डिंग स्टुडिओत वापरतात तसे पॉवर्ड मॉनिटर स्पीकर वाद्यांच्या दुकानात मिळतात. अँप्लिफायर आतच, तोही त्याच वूफर-ट्वीटरसाठी बेतलेला. मोबाईल, छोटा डॅक, दोन वायरी, झालं. दिसायला ते काळे ठोकळे असतात, दिवाणखान्यात घरची मंडळी नाकं मुरडतील; पण या किमतीत सुट्ट्या वस्तू जमवून यांच्या जवळ जाणं कठीण. उलट पाच लाख असतील तर पुढचे पैसे खोलीच्या कोपऱ्यांतल्या जाड शोषकांत आणि मोजून केलेल्या खोलीच्या दुरुस्तीत घालावेत, डॅकमध्ये नव्हे.

एक रकाना अजून उरला, वयाचा. नेटवर्कवर चालणारा प्लेअर पाच-सात वर्षांत म्हातारा होतो, कारण त्याचं ॲप चालेनासं होतं, यंत्र नव्हे. अँप्लिफायर वीस-पंचवीस वर्षं सहज काढतो. कपॅसिटर बदलून देणारा कारागीर मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत अजून सापडतो. स्पीकरचंही आयुष्य मोठं, आणि म्हणूनच जुन्या बाजारात सर्वांत किफायतशीर सौदा स्पीकरचा असतो: साठ हजारांच्या लायकीची जोडी निम्म्यात मिळू शकते. अट एकच. वूफरच्या पडद्याभोवतीची कड रबराची आहे की फोमची, ते पाहा. फोम दहा-पंधरा वर्षांत कुजतो, मुंबई-कोकणच्या दमट हवेत त्याआधीच. जाळी काढायला लावा आणि कडेला बोट हलकेच फिरवा. बोटाला काळी पूड किंवा चिकट मेण लागलं, तर दोन्ही वूफरच्या कडा नव्याने बसवायचा खर्च किमतीतून वजा करूनच पुढचं बोला.